मनगट पाहून घड्याळ

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. तिच्या जोडीला ‘मनगट पाहून घड्याळ घ्यावे’ अशीही एक म्हण आता रूढ व्हावी, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. कारण गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ह्याच एका प्रश्नाभोवती घोटाळत आहेत. एक भगिनी लिहितात, ‘माझे मनगट अगदी बारीक. स्मार्टवॉच हातावर बशी ठेवल्यासारखे दिसते. काय करावे?’ एक गृहस्थ विचारतात, ‘आईसाठी घ्यावयाचे आहे, लहान घ्यावे की मोठे?’ महाविद्यालयात शिकणाऱ्या एका युवकाला तर निराळीच चिंता आहे. लहान मापाचे घड्याळ घातले तर मित्र त्याला बायकी म्हणून हसतील काय, असे तो विचारतो.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु थोडा विचार करता असे दिसून येते की, त्याचा संबंध शोभेशी थोडा व उपयोगाशी फार आहे, आणि क्वचित प्रसंगी तो जिवाशीही येऊन भिडतो. म्हणून ह्या महिन्याचे हे पान आम्ही त्यालाच देत आहोत.

जुन्या घड्याळाची गोष्ट वेगळी होती. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे तयार होऊ लागली, आणि पुढे कित्येक वर्षे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला, नोकरीस लागलेल्या मुलीला, मांडवातल्या जावयाला तेच घड्याळ मिळत असे. ते मनगटावर सैल असले, हात वर करताच कोपराकडे धावत सुटले, तरी वेळ बरोबरच दाखवी. नव्या घड्याळाला वेळ दाखविणे हे जाता जाता करावयाचे काम आहे. त्याची खरी कामे पुढची: नाडीचे ठोके मोजणे, झोपेची नोंद ठेवणे, हृदयाच्या लयीत अनियमितपणा वाटल्यास सूचना देणे, आणि काही घड्याळांत तर माणूस पडल्याचे ओळखून आप्तांस वर्दी पोहोचविणे. ही सारी कामे घड्याळ मनगटावर नीट बसलेले असेल तरच होतात. जुने घड्याळ सैल असले तरी खरे बोले. नवे घड्याळ सैल असले की खोटे बोलू लागते.

ते कसे, हे जाणून घेण्यासारखे आहे. घड्याळाच्या पाठीवर बारीक हिरवे दिवे असतात. ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्त क्षणभर वाढते व परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त कमी असते व परत येणारा प्रकाश वाढतो. ह्या चढउतारावरून ठोक्यांची गणती होते. आता घड्याळ मनगटाहून मोठे असले की त्याची पाठ हाडाच्या उंचवट्यावर टेकते, एक बाजू अधांतरी राहते, आणि त्या फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. चालताना घड्याळ हलते ते निराळेच. मग ठोके मोजायचे सोडून ते हेलकावेच मोजू लागते. उपाय म्हणून पट्टा करकचून आवळावा, तर त्वचेतील रक्तप्रवाहच दबतो, गणती पुन्हा चुकते, आणि वैशाखातल्या घामाने त्या जागी पुरळ उठते ते वेगळेच. तात्पर्य, मापाची चूक पट्टा आवळून सुधारत नाही.

आमच्या परिचयातील एका आजींची हकिकत येथे सांगणे अवश्य आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, घरात एकट्या, मुलगा परदेशी. त्याने मोठ्या काळजीने उत्तमातले उत्तम घड्याळ पाठविले. उत्तम म्हणजे मोठे, ह्या समजुतीने ४५ मिलिमीटरचे पाठविले. आजींचे मनगट साडेतेरा सेंटिमीटर घेराचे. पट्टा शेवटच्या छिद्रात अडकवूनही घड्याळ तळहाताच्या बाजूस फिरे. ते त्वचेपासून सुटले की हातातून काढले असे समजून स्वतःला कुलूप लावी व पुन्हा पुन्हा सांकेतिक आकडे मागे. पोळ्या लाटताना ते पोळपाटावर आपटे, निजताना गालाखाली टोचे. आजींनी ते आधी रात्री काढून ठेवले, मग स्नानाच्या वेळी, मग स्वयंपाकाच्या वेळी. आणि एके दिवशी डबीत घालून कपाटात ठेवून दिले. ‘मुलाने दिलेली वस्तू आहे, आपटून फुटायला नको,’ हे त्यांचे कारण. दोन महिन्यांनी मोरीत पाय घसरून त्या पडल्या. कामवाली बाई येईपर्यंत तास-सव्वा तास तशाच पडून होत्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पडल्याचे ओळखणारे घड्याळ त्या वेळी दहा पावलांवरच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होते.

ह्यात मुलाच्या मायेत उणीव नव्हती, की आजींचा हट्ट नव्हता. उणीव होती ती एका दोऱ्याची. घड्याळ घेण्यापूर्वी कोणी आजींच्या मनगटाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजला असता, तर पुढचे सारे टळले असते.

आता माप कसे घ्यावे ते सांगतो. मनगटाच्या बाहेरील अंगास, करंगळीच्या रेषेत, एक हाड उंच आलेले दिसते. त्याच्या किंचित वर, म्हणजे कोपराच्या बाजूस, शिवणाची टेप किंवा साधा दोरा गुंडाळावा. फार आवळू नये, सैलही सोडू नये. माप शक्यतो सायंकाळी घ्यावे, कारण उष्म्याने व दिवसभराच्या कामाने हात थोडे सुजतात. सकाळच्या मापाचे घड्याळ सायंकाळी काचते. घेर साडेपंधरा सेंटिमीटरच्या आत असेल तर मनगट लहान समजावे, आणि चौदाच्या आत असेल तर फारच लहान. ही काही शास्त्राने आखलेली रेघ नव्हे. व्यवहारास पुरेल असा हा अदमास आहे.

येथे भगिनींना एक सावधगिरीची सूचना. पुष्कळजणी म्हणतात, ‘माझ्या बांगडीचे माप दोन-चार, म्हणजे मनगट लहानच.’ हे खरे असेलच असे नाही. बांगडीचे दोन-चार हे माप म्हणजे दोन इंच व चार-सोळांश, अर्थात सव्वादोन इंच, आणि ते बांगडीच्या आतल्या व्यासाचे. बांगडी पंज्यावरून चढावी लागते, म्हणून कासार हात हातात घेऊन, दाबून, पंजाचे व अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाचे माप अजमावतो. मनगटाकडे तो पाहतही नाही. पंजा रुंद व मनगट बारीक, किंवा हात मऊ असल्याने लहान बांगडी चढते पण मनगट भरलेले, अशी दोन्ही उदाहरणे आमच्या मंगळ बाजारात बांगड्या भरणाऱ्या कोणीही दाखवून देईल. घड्याळाचा पट्टा उघडतो व मिटतो. त्याला पंज्याशी कर्तव्य नाही.

घेर कळला की मनगटाची वरची रुंदी पाहावी. मनगट गोल नसून चपटे असते. चौदा सेंटिमीटर घेराच्या मनगटाची रुंदी साधारण पाच सेंटिमीटर भरते, व त्यातील खरा सपाट भाग चारच्या आसपास. ह्या सपाट भागावर घड्याळ बसले पाहिजे. घड्याळाच्या वरच्या व खालच्या टोकांना, पट्टा जिथे जोडला जातो तिथे, काही बनावटींत शिंगांसारखे कोपरे पुढे आलेले असतात. एका कोपऱ्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या रुंदीहून अधिक झाले की घड्याळ दोन्ही बाजूंनी पाटासारखे बाहेर डोकावते. पट्टा थेट डबीच्या आत सरकणारा असेल, किंवा जोडापासून लगेच खाली वळणारा असेल, तर तेच माप लहान मनगटावरही शोभते.

दुकानातील खोक्यावरच्या आकड्याने मात्र फसू नये. ॲपलने २०१५ साली पहिले घड्याळ ३८ व ४२ मिलिमीटर अशा दोन मापांत काढले. तेव्हा ४२ हे मोठे माप होते. पुढे २०१८ साली ४० व ४४, २०२१ साली ४१ व ४५, आणि २०२४ साली ४२ व ४६ अशी मापे आली. म्हणजे २०१५ साली जे मोठे, तेच २०२४ साली लहान झाले! मनगटे तीच आहेत, पडदे तेवढे वाढले. शिवाय हा आकडा चौकोनी घड्याळाच्या उंचीचा असतो. ॲपलच्या २०२४ सालच्या ४२ मिलिमीटरच्या घड्याळाची रुंदी ३६ मिलिमीटरच आहे. उलट सॅमसंगचे २०२३ सालचे गॅलेक्सी वॉच ६ घेतले, तर त्याच्या ४० म्हणविणाऱ्या गोल घड्याळाची रुंदी ३८.८ मिलिमीटर भरते. आकड्याने लहान ते हातावर रुंद, असा हा प्रकार आहे. गार्मिनची लिली ह्या नावाची घड्याळे ३४-३५ मिलिमीटरची, खास लहान मनगटासाठी केलेली आहेत. मात्र त्यांचा पडदा साधा असतो, आणि त्यावर थोडकीच माहिती मावते.

ह्याहून अधिक घोटाळा इंचांनी होतो. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ घड्याळांच्या खोक्यावर १.८३ किंवा २.०१ इंच असे आकडे ठळक छापलेले असतात. ते माप घड्याळाचे नव्हे. दूरदर्शन संचाप्रमाणे उजळणाऱ्या पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे ते अंतर आहे. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले तर १.८३ इंच म्हणजे सुमारे साडेसेहेचाळीस मिलिमीटर होतात, आणि पडद्याभोवतीची कड त्याहून निराळी. म्हणून खोक्याच्या मागील बारीक अक्षरांत घड्याळाची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, तीच वाचावी. ती कोठेच दिलेली नसेल तर घड्याळ हातावर चढवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

घरबसल्या घड्याळ मागविणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा, दिलेल्या लांबी-रुंदीचा तुकडा कापावा व रबराने मनगटावर बांधावा. जाडीसाठी तसेच तीनचार तुकडे एकावर एक चिकटवावेत. ते बांधून घरातली दोन कामे करून पाहावीत: कणीक मळावी, कपडे वाळत घालावेत, मनगट मागे दुमडून जमिनीवर टेकून उठावे. पुठ्ठ्याची कड हाताच्या पाठीत रुतली तर ते घड्याळही रुतणारच. पुठ्ठा बांधलेला हात खाली सोडून जरा दुरून आरशात पाहावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. परंतु घड्याळाला तो हवा. डोळ्यांजवळ धरलेल्या हातावर कोणतेही घड्याळ आहे त्याहून मोठे दिसते, आणि चारचौघांना ते दिसते तसे आरशातच पाहावयास मिळते.

रुंदीइतकेच जाडीला व वजनालाही महत्त्व आहे. जाड घड्याळ बाहीत अडकते, दाराच्या चौकटीवर आपटते, आणि बारीक मनगटावर उंच बसल्याने एका बाजूस कलंडते. वर सांगितलेले सॅमसंगचे ४० मिलिमीटरचे घड्याळ ९ मिलिमीटर जाड व पट्ट्यावाचून सुमारे २९ ग्रॅम वजनाचे आहे. ॲपलचे २०२२ साली आलेले अल्ट्रा हे ४९ मिलिमीटरचे घड्याळ १४.४ मिलिमीटर जाड व ६१ ग्रॅमांहून थोडे अधिक. डोंगर चढणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. साडेतेरा सेंटिमीटरच्या मनगटावर मात्र ते दिवसभर वागविणे ही शिक्षाच ठरावी.

पट्ट्याकडे तर कोणी लक्षच देत नाही. वस्तुतः निम्मे माप पट्ट्यात असते. खोक्यात आखूड व लांब असे दोन पट्टे आहेत काय, हे प्रथम पाहावे. रबरी पट्ट्याला घरी सुईने छिद्र पाडू नये, तो तेथूनच चिरतो. चामड्याच्या पट्ट्याला घड्याळजी व्यवस्थित छिद्र पाडून देतो, धातूच्या साखळीच्या कड्याही काढून देतो. परंतु बारीक मनगटास सर्वांत सोयीचा तो नायलॉनचा विणलेला, दाबून चिकटविण्याचा पट्टा. त्याला छिद्रांचे बंधन नसते. सकाळी थोडा घट्ट, दुपारी थोडा सैल, असा तो लावता येतो, आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसालाही एका हाताने घालता येतो. पट्टा लावल्यावर त्याखाली करंगळी जेमतेम सरकावी. रात्री दिवा मालवून पाहावे. घड्याळाच्या कडेने हिरवा उजेड बाहेर सांडत असेल तर ते सैल आहे असे समजावे.

ज्या भगिनी नेहमी बांगड्या घालतात त्यांनी बांगड्या व घड्याळ एकाच हातावर शक्यतो ठेवू नयेत. बांगड्या घड्याळाला खाली ढकलतात, त्याच्या काचेवर ओरखडे उमटवितात, आणि स्वतःही फुटतात. घड्याळ उजव्या हातावर घालावे व तशी नोंद त्याच्या रचनेत करून द्यावी. बहुतेक घड्याळांत ही सोय असते.

आता एक खरी अडचण. वार्धक्यात मनगट बारीक होते, आणि त्याच वेळी दृष्टीही अधू होते. मनगट म्हणते लहान घ्या, डोळे म्हणतात मोठे घ्या. लहान घड्याळाची विजेची साठवणही कमी असते: गॅलेक्सी वॉच ६ च्या ४० मिलिमीटरच्या घड्याळात ३०० मिलिॲम्पिअर-तासांची, तर ४४ च्या घड्याळात ४२५ ची. मग कोणाचे ऐकावे? आमच्या मते मनगटाचे. अक्षरे मोठी करता येतात, दर्शनी पानावर केवळ वेळ व नाडी एवढेच ठेवता येते, चौकोनी पडदा घेतल्यास त्याच उंचीत गोल पडद्यापेक्षा अधिक ओळी मावतात, आणि रोज जेवणाच्या वेळी घड्याळ विजेला लावण्याची सवय चार दिवसांत जडते. मनगट मात्र मोठे करता येत नाही.

पडल्याची वर्दी देण्याच्या सोयीबद्दलही दोन शब्द. ॲपलने ती २०१८ साली आणली. सॅमसंगच्या घड्याळांतही ती आहे. ॲपलच्या घड्याळात आपले वय ५५ किंवा अधिक नोंदविलेले असेल तर ती आपोआप चालू होते. इतरत्र ती स्वतः चालू करावी लागते. माणूस जोराने पडून सुमारे मिनिटभर निश्चल राहिला तर घड्याळ मदतीसाठी दूरध्वनी लावते व नोंदविलेल्या आप्तांस संदेश पाठविते. परंतु त्यासाठी फोन जवळपास हवा, किंवा घड्याळालाच स्वतःची जोडणी हवी. प्रत्येक पडणे त्याला ओळखता येईल अशी हमी कोणी देत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे एक किल्ली ठेवण्याची जुनी रीत सोडू नये.

त्या युवकालाही उत्तर देणे आहे. त्याने आजोबांच्या पेटीतले घड्याळ काढून पट्टीने मोजावे. एच.एम.टी.चे ‘जनता’ हे पुरुषांचे घड्याळ सुमारे ३५ मिलिमीटरचे. रोलेक्स कंपनीचे १९४५ साली निघालेले डेटजस्ट हे पुरुषी ऐटीचे घड्याळ ३६ मिलिमीटरचे. ते घालणाऱ्यांच्या पौरुषाविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. आज ज्याला बायकी म्हणून नाके मुरडतात ते ४० मिलिमीटरचे घड्याळ त्यांच्या घड्याळांहून मोठेच आहे. घड्याळाला स्त्री-पुरुष हा भेद दुकानदाराने लावला. मनगटाला तो ठाऊक नाही.

त्या आजींच्या नातीने पुढे दोऱ्याने माप घेतले, पुठ्ठा कापला, आणि ४० मिलिमीटरचे साधे घड्याळ नायलॉनच्या पट्ट्यासह आणून दिले. अक्षरे मोठी करून दिली. आजी ते स्नानालाही काढीत नाहीत, साबणाचा हात लागला तर तेवढे साध्या पाण्याखाली धरतात. मुलाने पाठविलेले मोठे घड्याळ आता नातजावई वापरतो.

दिवाळी, वाढदिवस, एकसष्टी अशा प्रसंगी पुष्कळ घरांतून आता हीच भेट दिली जाते. देणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, भेट गुप्त राखण्याचा आनंद थोडा बाजूस ठेवावा व ज्याच्या हातावर ते बसावयाचे त्याला आधी हात पुढे करावयास सांगावे. दूरदेशी असाल तर घरातल्या कोणाकडून माप मागवून घ्यावे. दोरा प्रत्येक घरात असतोच.